चार घरं, एक विहीर: मानपूरकडे सगळ्यांनी मिळून राहायला जायचं म्हणतोय

रामबागकर

बरेच दिवस मनात आहे ते आज लिहितो. इंदूर सोडून गावाकडे राहायला जायचंय, पण एकट्यानं नाही. मी, बायको, आई. धाकटी बहीण आणि तिचं घर. मावसभाऊ आणि त्याचं घर. आणि शाळेपासूनचा एक मित्र, जो आता घरचाच आहे. लहानमोठी धरून चौदा माणसं. मानपूर ते चोरल या पट्ट्यात दोनेक एकर जमीन, विहीर, चार छोटी घरं, मधे सामायिक अंगण, दोन गायी, खाण्यापुरता गहू, परसात भाजी.

मानपूरच का, तर मालव्याचं पठार तिथे संपतं, पुढे घाट उतरला की निमाडचा उन्हाळा. वर रात्री अजून गार असतात. जानापाव जवळ आहे, जिथे चंबळ उगम पावते. इंदूरचं काम निघालं तर ए. बी. (आग्रा-मुंबई) रोडनं सकाळी निघून दुपारी परत.

आई चौऱ्याहत्तरची आहे. तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. तिचं बाहेर जाणं म्हणजे महिन्यातून एकदा डॉक्टर. बहीण पुण्यात, मावसभाऊ भोपाळला. आम्ही सगळे एकमेकांवर जीव टाकतो आणि भेटतो लग्नात नाहीतर तेराव्याला. माझी मुलगी बारावीत गेली, मावसभावाचा मुलगा तिसरीत आहे, आणि ही दोघं सलग चार दिवस एका घरात राहिलीत असं मला आठवत नाही. शेतीतून पैसा करायचा नाहीये. सकाळी उठल्यावर आपली माणसं दिसावीत आणि दिवसभर हाताला खरं काम असावं, एवढंच पाहिजे.

ज्यांनी असं केलंय, किंवा करता करता थांबलेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आम्ही चौघंही हा धागा वाचून राहिलो आहोत.

सराफ्यातला

+१. माझंही अगदी हेच, फक्त माझ्या यादीत शेळ्या आहेत. वाचतो आहे.

चोरलची कमल

दादा, आम्ही चोरलजवळ राहतो. आमचं घर, दीर-जाऊ आणि सासूबाई, शिवाय दिरांचे एक मित्र सपत्नीक. आधी इंदूरला सुदामानगरात होतो. तुमच्या मनात आहे तसं होतं, आमचं झालंय. म्हणून सगळ्यात आधी सांगते: जमिनीच्या आधी स्वयंपाकघराचं ठरवा.

एकच मोठं स्वयंपाकघर, सगळे एका पंगतीत, हे ऐकायला फार गोड वाटतं. पण चौदा माणसांचं दोन वेळचं रांधणं शेवटी कोणाच्या अंगावर येतं ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे जाऊबाईंनीच तोड काढली. सकाळचा चहा-पोहे ज्याचे त्याच्या घरी. दुपारचं जेवण एकत्र. रात्रीचं पुन्हा आपापलं, आणि कोणाला कोणाकडे बसावंसं वाटलं तर बसावं. दुपारची पाळी आठवड्यानं बदलते आणि पाळीत पुरुषही आहेत. दिरांची पाळी असली की वरण-बाफले ठरलेले. जाडं पीठ, कंड्यांचा (गोवऱ्यांचा) विस्तव, तूप त्यांनीच कढवलेलं. त्या आठवड्यात आम्ही दोघी भाजीच्या वाफ्यात असतो आणि जेवायच्या वेळेला हात धुऊन पाटावर बसतो. हे सुख मला सुदामानगरात कधी मिळालं नव्हतं.

साधं जगणं म्हणतात खरं, पण घरातल्या बाईला त्यात शहरापेक्षा जास्त काम असतं. दूध तापवा, विरजा, ताक घुसळा. धान्य वाळवा, निवडा, कोठीत कडुनिंबाचा पाला घालून भरा. पावसाळ्याआधी कंडे झाकून ठेवा, नाहीतर दोन महिने धूर खा. आणि रविवारी इंदूरहून पाहुणे येतातच. त्यांचंही आधी ठरवा. आमच्याकडे जो येतो तो भाजी निवडायला नाहीतर शेंगा सोलायला बसतो. कोणी रागावलेलं नाही, उलट परत येतात.

दुसरी गोष्ट वीज. शेतीच्या लाइनीला दिवसाला १० तास, तेही तुकड्यांत, त्यातले काही रात्रीचे. पौषात गव्हाला पाणी द्यायची वेळ मध्यरात्री येते. तेव्हा एकट्यानं जायचं नाही, असा आमच्याकडे नियमच आहे. थंडी असते, साप असतो, आणि घोडारोजांचा (नीलगायींचा) कळप आला तर एका रात्रीत हरभरा लोळवून जातो. दोघं भाऊ बांधावर शेकोटी करून बसतात. एका घरात लहानाचे मोठे झाले, पण इतकं बोलणं त्यांचं कधी होत नव्हतं. सासूबाई सकाळी विचारतात, काय रे, रात्रभर कसल्या गप्पा?

आणि मुलं. पितृपक्षात माझी मुलगी आणि पुतणी गावातल्या मुलींबरोबर भिंतीवर शेणाची संजा काढतात, रोज नवी आकृती, शेवटी किल्लाकोट. वर फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, आरती म्हणतात, प्रसाद ओळखायला लावतात. आमच्या भोंडल्यातल्या खिरापतीसारखंच. सासूबाई त्यांना भोंडल्याची गाणी शिकवतात, गावच्या मुलींना तीही पाठ झालीत.

खसरा-नंबर

तहसिलीत नोकरी झाली, आता निवृत्त. कमलताईंनी आतलं सांगितलं, मी कागदाचं सांगतो.

मध्य प्रदेशात शेतजमीन घ्यायला आधीपासून शेतकरी असावं लागत नाही. महाराष्ट्रात ती अट आहे, म्हणून पुण्याच्या बहिणीला कोणी घाबरवलं तर घाबरू नये. पण तुम्ही सांगता त्या पट्ट्यात, मानपूर काय, चोरल काय, भिल्ल-भिलाला कुटुंबांच्या जमिनी पुष्कळ आहेत. भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १६५ (६) प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि अधिसूचित क्षेत्रात तर विकताच येत नाही. मधला माणूस म्हणेल, आधी करार करू, ताबा घेऊ, परवानगी मागून येईल. असल्या वाटेला जाऊ नका. ती जमीन त्यांची आहे आणि त्यांच्याकडेच राहिली पाहिजे, हे माझं नोकरीबाहेरचं मतसुद्धा आहे. सरकारी पट्ट्यानं मिळालेली जमीन असेल तर तिथेही परवानगीची भानगड असते. जंगल खात्याची हद्द लागून असेल तर नकाशा घेऊन रेंज ऑफिसात विचारा.

खसरा (जमिनीच्या तुकड्याची नोंद) आणि बी-१ (खातेदाराच्या जमिनीची नोंद) यांची नक्कल स्वतः काढा, विकणाऱ्यानं दिलेली पाहून समाधान मानू नका. रजिस्ट्रीच्या आधी सीमांकन करवून घ्या, शेजारच्या खातेदारांना बोलावून, पटवाऱ्यासमोर. आणि रस्ता! लोक विहीर बघतात, माती बघतात, रस्ता बघत नाहीत. जो चाकोरीचा रस्ता दाखवतात तो कोणाच्या तरी शेतातून जातो आणि पेरणी झाली की बंद होतो. गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये रूढीचे रस्ते आणि पाण्याचे हक्क लिहिलेले असतात, ते वाचा.

चौघांच्या नावे घेणार असाल तर प्रत्येकाचा हिस्सा रजिस्ट्रीतच लिहा. आणि एक वेगळा करार करा: कोणाला बाहेर पडायचं असेल तर हिस्सा आधी उरलेल्यांनाच विकायचा, किंमत कशी काढायची, पैसे किती मुदतीत द्यायचे. आज एकमेकांवर प्रेम आहे तेव्हाच हे लिहून होतं. माझ्यासमोर सख्ख्या भावांचे बंटवाऱ्याचे अर्ज आलेत, आणि बहुतेकांत भांडण जमिनीच्या तुकड्याचं नसायचं, कोणी काहीच ठरवलं नव्हतं याचं असायचं. घरातल्या बायकांची नावंही खात्यावर घ्या.

घर बांधायचं तर डायवर्शन (जमीन बिनशेती करणं) लागेल का, हे नकाशा काढण्याआधी विचारा.

लोकवन

दोन एकर म्हणताय, तीन धरा. हिशेब सांगतो.

माणशी महिन्याला ९ किलो गहू धरला तर चौदा माणसांना वर्षाला १५ क्विंटल. आपल्या काळ्या मातीत पाणी असेल तर एकरी १६ ते २० क्विंटल सहज होतो. म्हणजे गव्हाला एक एकर. त्यात थोडा कठिया (ड्युरम गहू) पेरा. इंदूरच्या गहू केंद्रानं काढलेला पूसा तेजस त्याच जातीचा आहे, बाफल्यांना आणि रव्याला छान. पोळीला लोकवन. अर्धा-पाऊण एकर हरभरा, तूर आणि मका. गायींना चारा. उरलेल्यात घरं, भाजी, चार आंबे, चार सीताफळं. सोयाबीन घ्यायचंच तर गव्हाच्या एकरातच, जूनअखेर पेरा, साधारण शंभर दिवसांत निघतं, नोव्हेंबरात गहू.

आणि जमिनीचा दहावा हिस्सा तळ्यासाठी सोडा. शेजारच्या देवास जिल्ह्यात २००६ पासून हेच झालं. त्या शहराला एकेकाळी रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तिथे उमाकांत उमराव कलेक्टर असताना शेतकऱ्यांना सांगितलं गेलं की ट्यूबवेलवर पैसे ओतण्यापेक्षा दहावा हिस्सा जमिनीवर तळं खोदा. टोंकखुर्दकडे शेतकऱ्यांनी शेकडो तळी खोदली, आपल्या पैशानं, कर्ज काढून, आणि त्यांना रेवासागर नाव दिलं. जिथे रब्बी सोडून दिली होती तिथे गहू-हरभरा परत आला. जाऊन बघून या, एका दिवसाचं काम आहे. काळ्या मातीत तळ्याला प्लॅस्टिकही क्वचितच लागतं. मात्र मानपूरकडे मुरमाड जमीन मिळाली तर पाणी झिरपून जाईल, तिथे विहीरच धरा.

हीच काळी माती घराला मात्र त्रास देते. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया वरवर घेतला तर भिंती तडकतात. शेत काळ्या मातीत आणि घरं मुरमावर, अशी जमीन मिळाली तर सोनं.

गाय मालवीच घ्या. दूध दिवसाला तीन-चार लिटर, जास्त नाही, पण ऊन सोसते, आपल्या चाऱ्यावर राहते. दोन घनमीटरच्या गोबर गॅसला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, ते चार-पाच जनावरांचं. म्हणजे दोन गायींवर चौदा माणसांचा स्वयंपाक होणार नाही. स्वयंपाकाला सिलिंडरच असू द्या, शेणाचं खत करा.

खतावरून एक सांगायलाच पाहिजे, कारण आपल्याच गावची गोष्ट आहे आणि आपल्याच मुलांना माहीत नाही. आज जगभर कंपोस्टची जी इंदूर पद्धत शिकवतात ती इथे, आत्ताच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात जन्मली. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इंदूरला आले, १९३१ पर्यंत होते. त्यांच्यासोबत काम केलं यशवंत वाड यांनी, आणि १९३१ साली या पद्धतीवरचं पुस्तक दोघांच्या नावानं निघालं. हॉवर्ड स्वतः म्हणत की इथल्या शेतकऱ्यांना आपण गुरू मानलं. पद्धत साधी आहे: उथळ खड्डा, काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, थोडी राख, पुन्हा काडीकचरा. ओल ठेवायची, तीनदा खालवर करायचं, तीन महिन्यांत खत तयार. चार घरं असली तर खालवर करायला माणसंच माणसं. एकटा माणूस हे काम टाळतो, म्हणून युरियाची गोणी आणतो. तुमच्या एकत्र राहण्याचा जमिनीला खरा फायदा कुठे होईल, तर इथे.

बडोद्याची नयना

आम्ही बडोद्याचे मराठी. गुजरातेत शेतकरी खातेदार नसेल तर शेतजमीन घेता येत नाही, म्हणून आम्ही तीन मैत्रिणींच्या घरांनी डभोईकडे एका गावात जुनं घर भाड्यानं घेतलं. सुट्ट्यांपुरतंच, पण त्यातून एक कळलं की कोणाला काय झेपतं. माझ्या यजमानांना चार दिवसांनी शांतता बोचायला लागते, आणि ज्या मैत्रिणीला आम्ही शहरातली समजत होतो ती तिथून निघायला तयार नसते. रामबागकर, आधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा भाड्यानं राहून बघा, चौघंही. मग जमीन.

स्नेहलतागंजचे आजोबा

माझं वय ८१. नातू टंकून देतो आहे.

आमच्या घराण्याकडे देपालपूरकडे होळकरांच्या वेळचं एक गाव होतं. १९५१ च्या कायद्यांनी तेव्हाच्या मध्य भारत राज्यात जमीनदारी आणि जहागिरी संपल्या, त्यात ते गेलं. लहानपणी घरात त्या गावाबद्दल फार हळवं बोलणं चाले. तिथली आमराई, तिथली ज्वारी, हरभऱ्याचे होळे. मोठा झाल्यावर मी आजीला विचारलं, तू तिथे किती राहिलीस? ती म्हणाली, एकदाही नाही. धान्य गाड्यांतून वाड्यावर येई. गाव बघितलं ते कारभाऱ्यानं. मालव्यातल्या आपल्या पुष्कळ मराठी घरांची गावाशी ओळख अशीच होती. जमीन आपल्या नावावर, घाम दुसऱ्याचा.

म्हणून मला तुमचा विचार आवडला. तुम्ही तिथे राहणार म्हणता, हातानं करणार म्हणता. फक्त एक बघा. गावात गेलात की मजूर लागणारच, गव्हाच्या कापणीला, निंदणीला. त्यांच्याशी कसं वागायचं हेही चौघांत आधी ठरवा. मजुरी वेळेवर, दुपारचं जेवण त्याच पंगतीत. नाहीतर चार घरांचा छोटा वाडाच तयार होईल.

आता म्हाताऱ्यांचं. तुमच्या आईसाठी बोलतो, कारण मी त्याच जागी आहे. मला गावात राहायला आवडेल. सकाळी कोणी चहा घेऊन शेजारी बसेल, नातवंडं पायात येतील, यापेक्षा औषध मोठं नाही. पण रात्री दोनला छातीत दुखलं तर? हे प्रेमानं टाळू नका, बसून ठरवा.

चोरलची कमल

आजोबा, नमस्कार करते. मजुरांचं तुम्ही बोललात ते फार बरं केलंत. आमच्याकडे कापणीला येणाऱ्या बायांबरोबरच आम्ही कापतो आणि जेवतो. त्यांच्याकडूनच मी विळा धरायला शिकले.

रात्रीच्या दुखण्याचं: आमचा हा खरा अडचणीचा भाग आहे. सिमरोळनंतरच्या भेरूघाटात ट्रक अडकला की तासन्‌तास जातात. सासूबाईंच्या बाबतीत आम्ही ठरवलंय की गाडी कायम अंगणात, टाकी भरलेली, आणि गाडी चालवणारं एक तरी माणूस रोज मुक्कामाला. चारही जण एकदम गावाला जात नाहीत. उन्हाळ्यात त्यांना झेपेना तेव्हा महिनाभर नणंदेकडे इंदूरला ठेवलं, त्यांनाच परत यायची घाई. रामबागकर दादा, या एका कारणासाठी तुम्ही चोरलपेक्षा मानपूर धरा. घाट मानपूरच्या पुढे लागतो. महूपर्यंत सरळ रस्ता आहे, तिथे दवाखाने आहेत, शाळांच्याही बसेस येतात.

शेंगदाणे-सेव

उत्पन्नाचं कोणीच लिहिलं नाही. चौदा माणसांना गहू पुरेल, पण फी, औषधं, पेट्रोल?

लोकवन

शेतीवर सोडू नका. चारांपैकी दोन जणांची पगाराची किंवा घरून करायची कामं पाच-सात वर्षं चालूच राहू देत. सामायिक खर्चाची एक वही, महिन्याला प्रत्येक घराकडून ठरलेली रक्कम. ज्याचे हात शेतात जास्त, त्याची रक्कम कमी. हे कमीजास्त दरवर्षी गुढीपाडव्याला बसून पुन्हा ठरवा, मधे कुरकुर नको. आणि लसूण! अर्धा एकर लसूण लागला आणि भाव मिळाला तर वर्षाचा किराणा निघतो. भाव पडला तर काहीच नाही, म्हणून त्यावर फी ठरवू नका.

सनावदियाला जनक पलटा मॅक्गिलिगन यांच्याकडेही जाऊन या. इंदूरजवळच आहे. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सूर्यचुलीवरचा स्वयंपाक, घरचं बी, घरच्या वस्तू, सगळं त्या स्वतः करून दाखवतात आणि आलेल्याला शिकवतात. खर्च कुठे कुठे कमी होतो ते तिथे कळतं.

रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री चौघांनी फोनवर हा धागा मोठ्यानं वाचला, दोन तास लागले. आई मधे बसून होती.

ठरलं ते सांगतो. एक, नयनाताई म्हणतात तसं आधी भाड्यानं. मानपूरच्या अलीकडे दोन जुनी घरं बघतो आहोत. बहिणीला घरून काम करता येतं, ती आणि तिची मुलं आधी येतील. भाऊ भोपाळहून सुट्ट्यांना. दोन, दुपारचं जेवण एकत्र, बाकी आपापलं. हे वाचून माझी बायको पहिल्यांदा म्हणाली की मग मी येते. याआधी ती हो म्हणत होती, पण ते माझ्यासाठी होतं, हे मला तिच्या आवाजावरून काल कळलं. तीन, करार खसरा-नंबर काकांनी सांगितला तसा, बायकांच्या नावांसकट. मित्राला वाईट वाटेल असं मला वाटत होतं, तोच म्हणाला, उद्याच लिहू.

मजुरांच्या पंगतीचं आईनं उचलून धरलं. तिचे वडील उज्जैनजवळ एका गावात मास्तर होते, तिला ते सगळं माहीत आहे. तिचं फक्त एक म्हणणं आहे की तुळस आणि पारिजातक तिच्या हातानं लागला पाहिजे, भाड्याचं घर असलं तरी.

कमलताई, तुमच्याकडे एकदा यायचं आहे. श्रावणात येऊ का? हिरवं असेल.

चोरलची कमल

श्रावणात नको दादा. श्रावणात सगळ्यांचीच विहीर भरलेली असते. मे महिन्यात या, दुपारच्या वेळी, आमची विहीर किती खाली जाते ते बघा, आणि मग तशाच उन्हात मानपूरच्या विहिरी बघायला जा. आईंना सकाळी लवकर घेऊन निघा, दुपारभर त्या सासूबाईंजवळ पडतील. त्या आठवड्यात पाळी दिरांची असेल. येताना छावणीतून शेव आणा, इथली बरोबर नसते.

रामबागकर

मे पक्का. दोन किलो आणतो, लवंगाची.